लिस्बनला तीन दिवस: यादी निम्मी करा, सिंत्रा वगळा

पत्र

मी वसईला राहते. शाळेत इतिहास शिकवत असे, आता निवृत्त आहे. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे जर्मनीला तीन आठवडे जाणार आहोत. त्यातल्या चार रात्री, म्हणजे पूर्ण तीन दिवस, लिस्बनला जाऊन यायचं मनात आहे. लेकीला रजा नाही, त्यामुळे आम्ही दोघंच. लहानपणापासून वसईचा किल्ला बघत आले, तो बांधणारे पोर्तुगीज जिथून आले ते शहर एकदा बघावं असं फार वाटतं. व्हिडिओ बघून २७ ठिकाणांची यादी केली आहे, त्यात सिंत्राही आहे. यजमानांचे गुडघे दुखतात आणि लिस्बनला नुसता चढउतार आहे असं ऐकते. मी शाकाहारी, अंडं चालतं. ते मासे खातात. पाकीटमारीचीही धास्ती वाटते. आणि एक मनातलं विचारते. ज्या लोकांनी इथे येऊन काय काय केलं ते वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं, त्यांचीच स्मारकं बघत कौतुकाने हिंडायचं, हे जरा खटकतं. तुम्हाला काय वाटतं?

एक वाचक, वसई

उत्तर

बाई, नमस्कार.

आधी सिंत्रा यादीतून काढा. गाव सुंदर आहे आणि लिस्बनच्या रोसिओ स्टेशनवरून गाडीने चाळीसेक मिनिटांत पोहोचता येतं, हे खरं. पण तिथला पेना राजवाडा डोंगराच्या माथ्यावर आहे, तिकिटावर आत जायची ठरलेली वेळ असते, वर नेणाऱ्या बसला रांग असते. सगळा दिवस तिथेच जातो. मग उरलेल्या दोन दिवसांत लिस्बन उरकावं लागेल, आणि तुमच्या पत्रात ओढ दिसते ती लिस्बनची.

उरलेल्या २६ ठिकाणांतलीही निम्मी सोडा. सकाळी ठरवून एक मोठी गोष्ट बघायची, दुपारी खोलीवर येऊन पाय पसरायचे, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचं. मे महिन्यात तिथे सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ चांगली लांब मिळते. साठी ओलांडलेल्या दोघांना हा क्रम सोसतो आणि पाहिलेलं लक्षातही राहतं.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायला तुम्हा इतिहासाच्या बाईंना एक तारीख पुरेल: १ नोव्हेंबर १७५५. ऑल सेंट्स डेची सकाळ होती, माणसं चर्चमध्ये जमली होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. त्यात भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट तेजो नदीतून आत शिरली आणि मग लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, शहराचा मधला सखल भाग जमीनदोस्त झाला. आज लिस्बनमध्ये जे दिसतं ते एकतर या भूकंपातून वाचलेलं आहे, किंवा त्यानंतर बांधलेलं. टेकडीवरचा आल्फामा बराचसा वाचला. शहराच्या पश्चिमेला नदीकाठी बेलेम वाचलं. मधला बायशा नव्याने उभा राहिला. तीन भाग आणि तीन दिवस. यात न बसणारं ठिकाण बेलाशक खोडा.

राहायला बायशात बघा, रोसिओ चौक किंवा बायशा-शियादो मेट्रोच्या आसपास. हा भाग सपाट आहे. आल्फामातल्या जुन्या घरांच्या खोल्या फोटोत मोहक दिसतात, पण तिथे रस्त्यांऐवजी पायऱ्याच आहेत आणि बॅग हातात उचलून न्यावी लागते. कुठेही बुकिंग करताना इमारतीला लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या. जुन्या चार-पाच मजली इमारतींत ती असेलच असं नाही. खोलीभाड्याशिवाय शहराचा पर्यटन कर दर माणशी दर रात्री ४ युरो द्यावा लागतो, तो वेगळा मागितला तर गोंधळू नका. विमानतळ शहराला अगदी लागून आहे. मेट्रोच्या लाल मार्गाने आलामेदाला या, तिथे हिरव्या मार्गाची गाडी घ्या. मोठ्या बॅगा लेकीकडेच ठेवून आलात तर ही बदलाबदली सोपी जाईल. मेट्रोसाठी नावेगांते नावाचं कार्ड मिळतं, ते प्रत्येकाचं वेगळं लागतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. चोवीस तासांचा पास त्यावर भरला की मेट्रो, बस, ट्राम सगळं चालतं.

गुडघ्यांसाठी नियम एवढाच, की वाहनाने वर जायचं आणि सावकाश उतरायचं. त्यातही जिथे लिफ्ट किंवा सरकता जिना आहे तिथे संकोच करू नका. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनातले सरकते जिने तुम्हाला बायशातून थेट वरच्या शियादोत नेऊन सोडतात. सांता जुस्ता हा १९०२ चा लोखंडी लिफ्टचा मनोरा खालून बघा आणि पुढे चला, त्याच्या रांगेत तास घालवायची गरज नाही. डोंगरावर चढणाऱ्या जुन्या पिवळ्या केबल गाड्यांवर मात्र बेत आखू नका. त्यातल्या ग्लोरिया गाडीला ३ सप्टेंबर २०२५ रोजी भीषण अपघात झाला आणि १६ माणसं गेली.

आणखी एक, पायांतल्या बुटांबद्दल. तिथले पदपथ पांढऱ्या-काळ्या दगडाच्या लहान लहान तुकड्यांनी मढवलेले आहेत. दिसायला देखणे, पण पावलांनी घासून इतके गुळगुळीत झालेत की चार थेंब पडले तरी पाय सरकतो. रबरी तळाचे, पकड असलेले बूट दोघांनीही घ्या, यजमानांनी काठीही घ्यावी. आणि हे बूट इथेच महिनाभर वापरून मग न्या.

पहिला दिवस आल्फामाचा. प्रासा दा फिगेइरा या चौकातून ७३७ नंबरची बस थेट साव जॉर्ज किल्ल्यापाशी जाते. किल्ला ९ वाजता उघडतो, तेव्हाच पोहोचा. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेश याने तो मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, घेतला. आज दिसते त्यातली बरीच बांधणी विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराची आहे, त्यामुळे तटावरच्या उंच दगडी पायऱ्या चढण्याचा हट्ट यजमानांनी धरू नये. खालच्या मोकळ्या आवारातूनच नदी आणि लाल कौलांचं सगळं शहर नजरेत येतं. तिथून उतरत पोर्तास दो सोल आणि सांता लुझिया या दोन सज्जांपाशी या. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचं एक चित्र आहे, ते चुकवू नका. भूकंपाआधीचा नदीकाठचा राजवाडा आणि त्यापुढचा चौक त्यात आहे. जे शहर गेलं ते असं रस्त्याच्या कडेला, फुकट बघायला मिळतं.

आणखी खाली कॅथेड्रल लागतं आणि त्याच्या समोरच संत अँथनीचं चर्च. पादुवाचा म्हणून ओळखला जाणारा हा संत जन्माने लिस्बनचा, आणि त्याचं जन्मस्थान मानतात त्याच जागी हे चर्च आहे. वसईतल्या तुमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट.

कॅथेड्रलच्या जवळच आल्जूब नावाची इमारत आहे, ती तुमच्या यादीत नव्हती. ती मी घालतो आहे, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

सालाझारच्या हुकूमशाहीत आल्जूब हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. अगदी अरुंद, अंधाऱ्या कोठड्यांत माणसांना एकटं कोंडत. आता तिथे प्रतिकाराचं आणि स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे, २०१५ मध्ये २५ एप्रिलला उघडलेलं. तिथे गेलात की दिसेल, की ज्या राजवटीने गोवा सोडायला नकार दिला ती स्वतःच्या माणसांनाही असंच चिरडत होती. मोहन रानड्यांचं नाव तुम्हाला सांगायला नको. गोवामुक्तीच्या लढ्यात १९५५ मध्ये ते पकडले गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी ते लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगातच होते. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. लिस्बनहून कास्काइशला जाणारी लोकल काशियास स्टेशनवरूनच जाते. तिथे आजही तुरुंग आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. पण आपला एक माणूस आपली भूमी मुक्त झाल्यावरही सात वर्षं त्या किनाऱ्यावर कोंडलेला होता, हे मनात ठेवून ते शहर बघावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दिवस बेलेमचा, आणि तुमचं खटकणं तिथे सगळ्यात जास्त जागं होईल. प्रासा दा फिगेइराहूनच १५ नंबरची ट्राम घ्या. ती नव्या पद्धतीची, लांब आणि खालच्या पायरीची आहे, गुडघ्यांना बरी. जेरोनिमोस मठाचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढून ठेवा. सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम. मठाचं चर्च आणि आतला चौसोपी भाग यांची दारं वेगळी आहेत. चर्चमध्ये जायला तिकीट नाही. बाहेरच्या रांगेत यजमानांना उभं राहायला लावू नका, समोर बाग आहे, तिथे बाकावर बसू दे.

आत शिरताच दोन्ही बाजूंना दोन समाध्या आहेत. एक कवी कामोइशची, दुसरी वास्को द गामाची. १५२४ मध्ये तो कोचीत मेला आणि तिथेच पुरला गेला, नंतर त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. हा मठ सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएलने बांधायला घेतला, तो पूर्वेच्या मसाल्यांवरच्या कराच्या पैशातून. त्या खांबांवर कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती बघा आणि मग आठवा, की यातला बराच पैसा मलबारच्या मिरीतून आलेला आहे. हाच वास्को द गामा १५०२ मध्ये दुसऱ्यांदा आला तेव्हा मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज त्याने बायकामुलांसकट जाळलं. समाधीवर ते लिहिलेलं नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणून तुमचं पाहणं इतरांपेक्षा वेगळं असेल.

मला विचाराल, तर कौतुक आणि माफी यांची गाठ घालू नका. तो मठ घडवणारे पाथरवट अप्रतिम होते, त्यांना दाद द्यायला काहीच हरकत नाही. पैसा कुठून आला हे त्याच वेळी आठवायलाही हरकत नाही. वर्गात तुम्ही हेच करत असाल: बांधकाम शिकवताना ते कोणी, कशाच्या जोरावर बांधलं हेही सांगत असाल. जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चचं प्रवेशद्वार याच घडणीचं आहे. तुम्ही ते पाहिलं असेल तर जेरोनिमोसच्या दारापुढे ओळख पटेल. ती पटू द्या, तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

नदीकाठी पन्नास मीटरहून उंच एक स्मारक आहे, पुढे झेपावणाऱ्या जहाजासारखं. दर्यावर्दी हेन्रीच्या मागे रांगेने उभ्या असलेल्यांत वास्को द गामा आहे, फ्रान्सिस झेवियरही आहे. फार जुनं वाटतं, पण आहे १९६० चं. वसाहती हातातून निसटायच्या बेतात असताना सालाझारच्या राजवटीने ते दगडात उभं केलं, आणि पुढच्याच वर्षी गोवा गेला. ते बघताना ही तारीख लक्षात असली म्हणजे पुरे. वर चढायची गरज नाही. बेलेमचा बुरूजही बाहेरूनच बघा. आतला जिना अरुंद आणि गोल आहे.

तिसऱ्या दिवशी बायशा. प्रासा दो कोमेर्सिओ या नदीकाठच्या प्रशस्त चौकात सकाळीच जा. बुडालेल्या राजवाड्याची जागा ती. तिथून आत जाणारे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते म्हणजे मार्किश द पोंबाल या मंत्र्याने भूकंपानंतर आखलेलं शहर. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी जाळीचा सांगाडा आहे, धक्का बसला तर भिंत लवावी, कोसळू नये म्हणून. मग त्या सरकत्या जिन्यांनी वर शियादोत आणि तिथून कार्मोच्या मठात. या मठाचं छप्पर १७५५ मध्ये कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानी उभ्या आहेत आणि वर आभाळ. वसईच्या किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये उभं राहायची सवय असलेल्या तुम्हाला हे ठिकाण सगळ्यात जवळचं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

मठाबाहेरच्या छोट्या चौकात बसा. २५ एप्रिल १९७४ ला याच चौकात लोक आणि सैनिक जमले होते; शेजारच्या बराकीत लपलेला सालाझारचा वारस मार्सेलो कायतानो तिथेच शरण आला. बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगालने भारताशी करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली भारताचे आहेत हे मान्य केलं. म्हणजे ज्यांनी तुमच्या मनातला पोर्तुगाल घडवला, त्यांना त्यांच्याच लोकांनी या चौकात पायउतार केलं.

त्या दुपारी काहीच ठरवू नका. पाय साथ देत असतील तर काइश दो सोद्रेच्या धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्यासला जाणारी फेरीबोट घ्या. दहा मिनिटांचा प्रवास, रोजच्या कामाला जाणाऱ्यांची बोट. मागे वळून बघितलं की लिस्बनच्या सगळ्या टेकड्या एकत्र दिसतात.

खाण्याचं सांगतो. यजमानांची चैन आहे. तिथला बाकल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, आपल्या सुक्या मासळीसारखाच भिजवून मग शिजवतात. तुमची जरा तारांबळ होईल, पण उपाशी राहणार नाही. भाज्यांचं सूप सगळीकडे मिळतं, मात्र त्यात मांसाचा अर्क आहे का ते विचारा. काल्दो वेर्द नावाच्या पालेभाजीच्या सूपवर बहुतेक वेळा सॉसेजची चकती असते. 'सोउ वेजेतारियाना' एवढं वाक्य पाठ करा. चीज, ऑम्लेट, पाव, फळं यांवर एक जेवण सहज निघतं. मार्तीं मोनिज चौकाच्या मागच्या गल्ल्यांत भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आणि खाणावळी आहेत. एका रात्री तिकडे डाळभात खा. कस्टर्डच्या प्रसिद्ध पेस्ट्रीत अंड्याचा पिवळा बलक असतो, तो तुम्हाला चालतो, तेव्हा बेलेमला १८३७ पासून ती विकणाऱ्या दुकानात जरूर बसा. बाहेरची रांग बघून परतू नका, ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला पुष्कळ जागा आहे. हॉटेलात टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं.

पाकीटमारी आहे, पण मारहाणीचं भय फारसं नाही. सगळ्यात मोठा अड्डा म्हणजे २८ नंबरची जुनी लाकडी ट्राम. प्रत्येक व्हिडिओत ती दिसते, म्हणून ती गच्च भरलेली असते. बसायचीच असेल तर सकाळी ८ च्या आधी मार्तीं मोनिजहून, जिथे ती सुटते तिथेच चढा, म्हणजे बसायला मिळेल. पासपोर्ट खोलीवर ठेवा, छायाप्रत जवळ बाळगा, पर्स पोटाशी. ६५ पूर्ण झाली असतील तर सरकारी स्मारकांत सवलतीचं विचारा. बायशात एखादा माणूस जवळ येऊन कानाशी अमली पदार्थांचं विचारेल. 'नाव', म्हणजे पोर्तुगीजमधलं 'नाही', एवढंच म्हणायचं आणि थांबायचं नाही. बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधूनच पैसे काढा, आणि यंत्राने रुपयांत हिशोब करू का विचारलं तर नको म्हणा, युरोतच घ्या. अडचणीचा नंबर ११२.

व्हिसाचा अर्ज जर्मनीकडेच करा, कारण तुमचे जास्त दिवस तिथले आहेत. त्याच शेंगेन व्हिसावर पोर्तुगाल चालतं. मात्र लिस्बनचा बेत अर्जात लपवू नका, तिथलं विमान आणि खोली यांचं बुकिंग जोडा. प्रवास विमा सगळ्या शेंगेन देशांना लागू आणि किमान ३०,००० युरोचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याची गर्दी बघता फेब्रुवारीच्या पुढे थांबू नका.

आणि लेकीला विमान काढायला सांगण्याआधी वार बघा. जेरोनिमोस आणि आल्जूब दोन्ही सोमवारी बंद असतात, कार्मो रविवारी. सोमवारी संध्याकाळी पोहोचा, मंगळवार ते गुरुवार हिंडा, शुक्रवारी परता. गुरुवारी रात्री आल्फामात एखाद्या लहान जागी फादो, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी, ऐकायला जा, जागा आधी राखून ठेवा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात, वाढपीही थांबतात आणि कोणी बोलत नाही. म्हणून ऑर्डर आधीच देऊन ठेवा.